दोन इंधनांच्या मोटारीची कैफियत

मोटारीच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा हा एक प्रकारचा सरकारी दाखलाच असतो, आणि सरकारी दाखल्यांविषयी आपल्या समाजात पूर्वापार दोन पंथ चालत आले आहेत : दाखला आहे त्या अर्थी शंकेला जागा नाही असे मानणारा एक, आणि दाखला आहे त्या अर्थी काहीतरी दडवलेले असणार असे मानणारा दुसरा. पेट्रोलच्या मोटारीपुरता हा तंटा फार काळ चालत नाही. टाकी काठोकाठ भरावी, आठ-पंधरा दिवस मोटार चालवावी, पुन्हा काठोकाठ भरावी आणि भागाकार करावा, की दाखल्याची रुजवात आपोआप होते. परंतु रात्री भिंतीतल्या सॉकेटातून वीज घेणारी आणि दिवसा पंपावर पेट्रोलही पिणारी जी मोटार ‘प्लग-इन हायब्रिड’ या नावाने ओळखली जाते, तिने दोन्ही पंथांची सारखीच पंचाईत करून ठेवली आहे. ती ॲव्हरेज किती देते, असे तिच्या मालकाला विचारावे, तर ‘वायर रोज लावली तर इतके, आणि न लावली तर इतके’ असे उत्तर मिळते, आणि या दोन ‘इतक्यां’मध्ये कधीकधी चौपट अंतर असते.

या विषयावरचा जो वाद पुढे देत आहे त्यातील दोघे नात्याने मामा-भाची. मामांची सारी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली. गिरगावात ठाकुरद्वारच्या बाजूला त्यांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे, आणि कोणतेही परिमाण कानावर पडले की ‘मोजले कुठे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. भाची सनदी लेखापाल. लालबागेत जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये ती राहते, रोज नरिमन पॉइंटला कचेरीत जाते आणि महिन्याकाठी चिपळूणजवळच्या गावी एक फेरी करते. तिचा थोरला भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने २०२३ सालच्या नमुन्याची टोयोटा प्रायस प्राइम ही प्लग-इन मोटार घेतली आणि तिच्या काचेवर चिकटवलेल्या सरकारी कागदाचे छायाचित्र घरच्यांना धाडले, तेथून वादाला तोंड फुटले.

भाची : मामा, हा कागद पाहा. विजेवर १२७, नुसत्या पेट्रोलवर ५२, आणि दोन्ही आकडे मैल आणि गॅलन यांचे! दादा मोठ्या अभिमानाने सांगतो की त्याची मोटार गॅलनला १२७ मैल जाते. जी मोटार विजेवर धावताना पेट्रोलचा थेंबही जाळत नाही तिचा हिशेब गॅलनात मांडायचा, हे दूध घेऊन ते गजाने मोजण्यासारखे झाले. माझ्यासमोर असा ताळेबंद कोणी ठेवला असता तर मी सही केली नसती.

मामा : सही करण्यापूर्वी टीप वाचावी, हे तू मला सांगायचे की मी तुला? अमेरिकन सरकारने २०१० च्या सुमारास, पहिल्या विजेच्या मोटारी बाजारात येऊ लागल्या तेव्हा, हे माप ठरवले. एक गॅलन पेट्रोलात जेवढी ऊर्जा असते ती विजेच्या भाषेत ३३.७ युनिट भरते. तेवढ्या युनिटांत मोटार जितके मैल जाईल तो हा आकडा. गॅलन हा केवळ तुलनेसाठी घेतलेला आहे. आता तो उलगडून आपल्या मापात आण : एका युनिटला सहा किलोमीटरांच्या किंचित वर, आणि पेट्रोलवर लिटरला बावीस. युनिटला दहा रुपये धर आणि पेट्रोल मुंबईच्या भावाने शंभरावर धर, की शंभर किलोमीटरांना विजेवर सुमारे एकशे पासष्ट रुपये आणि पेट्रोलवर साडेचारशेच्या वर, असा सरळ जमाखर्च निघतो. आणि ही युनिटे मोजली कुठे? मोटारीच्या आतल्या काट्यावर नव्हे, तर भिंतीपाशी. बॅटरी भरताना जी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते ती त्यांनी धरलेली आहे. मोटारीचा काटा बॅटरीतून निघालेली वीज दाखवतो, बिल मात्र भिंतीवरच्या मीटरचे येते, आणि या दोहोंत दहा-पंधरा टक्क्यांची तफावत सहज पडते. ज्या कोणी हा कागद तयार केला त्याला मीटरची जाण होती, एवढे मी खात्रीने म्हणेन.

भाची : भिंतीपाशी मोजले ते ठीक. पण भिंतीच्या मागे काय? ती ३३.७ युनिटे तयार करायला ट्रॉम्बेच्या चिमणीखाली कोळशाची जवळजवळ तिप्पट उष्णता खर्ची पडते, ती या हिशेबात कुठे आहे? पेट्रोलच्या मोटारीला तिच्या इंजिनातला सारा अपव्यय स्वतःच्या नावे मांडावा लागतो. विजेच्या मोटारीचा अपव्यय मात्र वीजकेंद्राच्या खात्यावर जातो आणि ही उजळ माथ्याने १२७ सांगते.

मामा : तुझी फिर्याद रास्त आहे, पण आरोपी चुकलेला आहे. मुंबईला १९१५ साली खोपोलीची वीज आली ती सह्याद्रीच्या पावसाची होती. पुढे कोळसा आला, तेल आले, वायू आला, आता सूर्याची वीज येऊ लागली. वीजकेंद्र बदलले म्हणून मोटार बदलत नाही, आणि मोटारीच्या दाखल्यात मोटारीबाहेरचे काही असू नये. याच शहरात १९०७ पासून १९६४ पर्यंत विजेवर ट्राम चालली, दादरच्या टोकाला तिचे टर्मिनस म्हणून टी.टी. हे नाव तिच्यामागे अजून टिकून आहे. त्या सत्तावन्न वर्षांत ट्रामचे ॲव्हरेज कोणी विचारले होते?

भाची : ट्रामचे भाडे ठरलेले होते म्हणून विचारले नाही. पण ‘मोटारीच्या दाखल्यात मोटारीबाहेरचे काही असू नये’ हे जे वाक्य तुम्ही आता बोललात, ते जरा लक्षात ठेवा. मला त्यावर बोलायचे आहे. आपल्याकडे २०१६ साली व्होल्वोने एक्ससी ९० या मोठ्या गाडीचा टी ८ हा प्लग-इन नमुना आणला, किंमत सव्वा कोटी. युरोपातल्या तत्कालीन चाचणीप्रमाणे ती निव्वळ विजेवर ४३ किलोमीटर जाते आणि एकंदरीत शंभर किलोमीटरांना २.१ लिटर पेट्रोल घेते, म्हणजे लिटरला ४७ किलोमीटरांच्याही वर. तीच मोटार अमेरिकन सरकारने तपासली, तर विजेवर १४ मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, आणि पेट्रोलवर गॅलनला २५ मैल, म्हणजे लिटरला साडेदहा. एका दाखल्यात सत्तेचाळीस, दुसऱ्यात साडेदहा! दोन्ही सरकारे, दोन्ही प्रयोगशाळा. खोटी साक्ष कोणाची?

मामा थोडा वेळ गप्प राहिले. पण ते निरुत्तर झाले म्हणून नव्हे, तर कागद आणि पेन्सिल शोधत होते म्हणून. त्यांनी पुढे जे मांडले ते या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे असे मला वाटते, आणि म्हणून ते शक्य तितके सविस्तर देतो.

मामा : खोटी साक्ष कोणाचीच नाही, मात्र दोघांना विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. युरोपच्या त्या जुन्या नियमावलीत एक सूत्र होते. बॅटरी पूर्ण भरून मोटार चालवायची आणि ती विजेवर किती जाते ते पाहायचे. मग बॅटरी रिकामी करून चालवायची आणि पेट्रोल किती लागते ते पाहायचे. आणि मग या दोहोंची सरासरी काढायची. सरासरी काढायची म्हणजे कशाला किती वजन द्यायचे ते कोणीतरी ठरवले पाहिजे. त्यांनी ठरवले की बॅटरी संपल्यावर माणूस पुन्हा वायर लावण्यापूर्वी सरासरी २५ किलोमीटर पेट्रोलवर जातो. तुझ्या व्होल्वोचे ४३ आणि हे गृहीत धरलेले २५, बेरीज ६८. त्यातले ४३ फुकट. पेट्रोल जळाले ते फक्त २५ किलोमीटरांचे, पण भागले सगळ्या ६८ ने. आता २.१ वरून उलट गणित कर : रिकाम्या बॅटरीवर तीच मोटार त्याच चाचणीत शंभर किलोमीटरांना ५.७ लिटर घेत होती, म्हणजे लिटरला साडेसतरा. सत्तेचाळिसातले तीस किलोमीटर असे या २५ च्या पोटातून निघाले. आणि उरलेल्या साडेसतरा आणि साडेदहा यांमधली तफावत आहे ती चाचणीच्या सौम्यपणाची : युरोपची ती जुनी चाचणी हळू, सपाट आणि वातानुकूलन बंद ठेवून घेतलेली, अमेरिकेच्या कागदावर येणारा आकडा मात्र प्रयोगशाळेतून निघाल्यावर वेग, उन्हाळा आणि थंडी यांच्यासाठी मुद्दाम खाली आणलेला. विजेच्या पल्ल्याला तर ते सहसा ०.७ ने गुणतात.

भाची : म्हणजे मोटारीच्या दाखल्यातला सगळ्यांत मोठा आकडा मोटारीत नाहीच, तो मालकाच्या सवयीत आहे. मी वायर लावते की नाही हे ब्रुसेल्समध्ये कोणीतरी परस्पर ठरवले, आणि ते अनुमान मोटारीच्या गुणवत्तेत जमा केले. मामा, लेखापरीक्षणात आम्ही याला अनुमान म्हणत नाही. वसूल न झालेली येणी उत्पन्नात धरणे म्हणतो. आणि ही येणी बुडितच निघाली! २०१७ पासून युरोपात नवी, अधिक कठोर चाचणी आली, पण प्लग-इन मोटारीसाठी ‘इतक्या पल्ल्याच्या मोटारीचा इतका हिस्सा विजेवर जाईल’ असे गृहीत धरण्याची वहिवाट कायम राहिली. मग युरोपीय आयोगानेच रस्त्यावरच्या मोटारींनी स्वतः नोंदवलेली माहिती गोळा केली आणि मार्च २०२४ मध्ये जाहीर केले की या मोटारींचे प्रत्यक्ष कर्बउत्सर्जन दाखल्याच्या साडेतीन पट आहे. ब्रिटनमध्ये तर कंपन्यांनी करसवलतीसाठी घेतलेल्या अशा मोटारी मुदत संपल्यावर परत आल्या, तेव्हा काहींच्या चार्जिंगच्या केबलचे वेष्टनही फोडलेले नव्हते.

मामा : आणि त्यावर त्यांनी काय केले? २०२५ पासून नव्या नमुन्यांसाठी तो हिस्सा उतरवला. साठ किलोमीटर पल्ल्याच्या मोटारीचा जवळजवळ चार-पंचमांश प्रवास विजेवर होतो असे पूर्वी धरत, ते निम्म्याच्या आसपास आणले, आणि पुढे आणखी उतरवण्याचे ठरवले. हाच मला नियमावलीचा गुण वाटतो. तिची चूक लेखी असते, म्हणून ती दुरुस्त करता येते. तुमच्या सोसायटीच्या खाली उभे राहून एकजण सांगतो माझी गाडी अठरा देते, दुसरा सांगतो माझी बावीस देते. एकाने एक्स्प्रेसवेवर मोजलेले असते, दुसऱ्याने हिंदमात्याला पाणी साचले त्या दिवशी. त्यांच्या चुका दुरुस्त कशा करणार? शंभर मोटारींची तुलना करायची तर शंभरांना एकच रस्ता, एकच ऊन आणि एकच चालक पाहिजे, आणि असा रस्ता प्रयोगशाळेतल्या रोलरवरच असतो.

भाची : पण तो रस्ता निदान आपल्या देशातला तरी असावा! पुण्याला वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून आहे. मोटारींचे दाखले मुख्यतः तिच्याकडून येतात, आणि तिच्या विद्वत्तेविषयी मला शंका नाही. पण ज्या भारतीय चाचणीचक्रावर ती मोटार चालवते ते युरोपच्या त्याच जुन्या चक्राचा धाकटा भाऊ : एकोणीस मिनिटे चाळीस सेकंदांचा खेळ आणि वेगाची परमावधी ताशी ९०. जुलै २०१९ मध्ये ह्युंडाईची कोना ही विजेची मोटार आपल्याकडे आली ती ४५२ किलोमीटरांचा दाखला घेऊन. त्याच बॅटरीच्या मोटारीला युरोपच्या नव्या चाचणीत तीनशेच्या आसपास मिळाले.

मामा : धाकटा भाऊ म्हणून हिणवू नकोस. त्या चक्राचा पहिला, शहरातला भाग पाहिलास तर वेग पन्नासाच्या वर जात नाही आणि सरासरी ताशी एकोणिसाच्या आतबाहेर पडते. परळहून लालबागेच्या उड्डाणपुलाखालून भायखळ्याला संध्याकाळी येणाऱ्या माणसाला ती अपरिचित वाटेल का? युरोपच्या नव्या चाचणीत मोटार ताशी १३१ वर नेतात. तुझ्या नरिमन पॉइंटच्या वाटेवर १३१ कुठे दाखवशील?

भाची : वेग जुळला, पण गारवा जुळला का? चाचणीत वातानुकूलन बंद. मे महिन्यात काच वर करून एसीशिवाय परळ ओलांडून दाखवा! आणि हिशेब ऐका. एसीला सरासरी दीड किलोवॅट धरले, तर तो तासाला दीड युनिट घेणार, मोटार चालो वा सिग्नलला उभी राहो. तासात मोटार पंधरा किलोमीटर सरकली, तर किलोमीटरला युनिटचा दहावा हिस्सा निव्वळ गारव्यासाठी गेला. दादाच्या मोटारीला चालायला किलोमीटरला युनिटचा सहावा हिस्सा लागतो. म्हणजे युनिटला सहाचे जेमतेम चार उरतात, आणि कागदावरचा ४४ मैलांचा, म्हणजे सत्तर किलोमीटरांचा पल्ला पंचेचाळिसाच्या घरात येतो. अमेरिकेच्या मोकळ्या रस्त्यावर हाच एसी तासाला साठ किलोमीटरांवर वाटला जातो, म्हणून तिकडे तो जाणवत नाही. आपल्या गर्दीत विजेची मोटार अंतराने दमत नाही, वेळाने दमते.

या मुद्द्यावर भाचीचा पक्ष बिनतोड आहे, आणि मामांनीही तो मान हलवून कबूल केला, हे नमूद करणे भाग आहे. वेगाची सरासरी जुळली म्हणजे शहर जुळले असे होत नाही. मुंबईच्या उन्हात आणि दमटपणात उभे राहून काढलेल्या वेळाला कोणत्याच दाखल्यात रकाना नाही.

मामा : ठीक. आता मला एवढेच सांग, दोन मोटारींतली एक निवडायची झाली तर तू काय पाहशील? जुने उदाहरण घेतो, कारण त्याचा निकाल लागून गेला आहे. अमेरिकेत २०११ ची शेव्हरोले व्होल्ट : विजेवर ३५ मैल, विजेचा दाखला ९३, पेट्रोलवर ३७. आणि २०१२ ची पहिली प्लग-इन प्रायस : मिश्र चालीत ११ मैल, त्यातही इंजिन अजिबात सुरू न होता जेमतेम सहा, विजेचा दाखला ९५, पेट्रोलवर ५०. चांगली कोणती?

भाची : दाखल्यात ९५ मोठे, म्हणून प्रायस? नाही. रोज पन्नास किलोमीटर जाणारा आणि रात्री वायर लावणारा असेल तर व्होल्ट. त्याला पेट्रोलचा वासही लागणार नाही. महिन्यातून चार वेळा लांबचा पल्ला असेल तर प्रायस, कारण तिथे ३७ आणि ५० यांतला फरक खिशाला लागतो. ९३ आणि ९५ यांच्यात निवडण्यासारखे काहीच नाही.

मामा : म्हणजे तुला तीन आकडे लागले : पल्ला किती, युनिटला किती, आणि बॅटरी रिकामी असताना लिटरला किती. अमेरिकेचा कागद हे तीनही वेगळे देतो, दुसऱ्याच्या सवयीची भेसळ न करता. युरोपचा कागद ती भेसळ करून एकच घसघशीत आकडा पुढे ठेवतो. माझा आग्रह दाखल्याचा आहे, भेसळीचा नाही. चौथा आकडा, म्हणजे विजेवरचा हिस्सा, तो तू स्वतः काढायचा. काढ बघू.

भाची : कचेरीला जाऊन-येऊन वीस किलोमीटर, महिन्याचे पाचशेच्या आत. चिपळूणची फेरी जाऊन-येऊन तितकीच, पाचशे. त्यातले पहिले पन्नास-साठ विजेवर, पुढे कशेडीचा घाट काय नि परशुराम काय, पेट्रोल. गावी रात्री वायर लावली तर परतीचे आणखी पन्नास. म्हणजे माझा हिस्सा साठ टक्क्यांपर्यंत जाईल.

मामा : वायर लावलीस तर. टॉवरमध्ये तुझी मोटार उभी कुठे राहते?

भाची : यांत्रिक पार्किंगमध्ये, वरच्या पाट्यावर. तिथे पॉइंट नाही. तो पाटा वर-खाली सरकतो, म्हणून कमिटी तिथे केबल टाकू देत नाही.

मामा : म्हणजे हिस्सा शून्य. मग तुझ्या हाती राहिली पेट्रोलचीच मोटार, दीड-दोनशे किलोंची बॅटरी उगाच वाहून नेणारी. मग प्लग नसलेली हायब्रिड, टोयोटाची हायक्रॉस नाहीतर मारुतीची ग्रँड विटारा, काय वाईट? त्या स्वतःच्या ब्रेकमधून वीज काढतात, भिंतीशी त्यांचे देणेघेणे नाही, म्हणून त्यांचा २३.२४ आणि २७.९७ हा लिटरचा दाखला निदान एकाच इंधनाचा आहे. रस्त्यावर तो खाली येईल, पण कशामुळे आला ते तुला कळेल.

भाची : आणि पॉइंट मिळवलाच तर?

मामा : तर निव्वळ विजेची घे. विजेच्या मोटारीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, आणि मोठ्या हायब्रिडवर, मग तिला प्लग असो वा नसो, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तू वायर लावशील यावर ब्रुसेल्सचा विश्वास होता; दिल्लीचा अजिबात नाही.

भाची : आणि चिपळूणला वाटेत रांग लावून चार्जिंग करत बसू? गणपतीच्या आदल्या दिवशी, महामार्गावर? नाही मामा. मला दोन्ही इंधने हवीत, आणि दोन्हींचा हिशेब वेगळा हवा. येत्या सर्वसाधारण सभेला पार्किंगच्या पॉइंटचा ठराव मी मांडणार आहे. तो फेटाळला तर मोटारीचा विषय बंद.

मामांना हे पटले नाही, आणि त्यांनी ते पटवून घेतलेही नाही. एकाच घरात दोन यंत्रे पोसण्याला ते अजूनही उधळपट्टीच म्हणतात. मला मात्र भाचीची मागणी न्याय्य वाटते. आपल्याकडे अशा मोटारी आज कोटीच्या घरातल्या आहेत, म्हणून त्यांच्या दाखल्याची कोणी चिकित्सा करत नाही. उद्या त्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या, तर लिटरला साठ-सत्तर किलोमीटरांच्या जाहिराती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकू लागतील. ज्या वाचकांना तेव्हा ही मोटार घ्यायची असेल त्यांनी विक्रेत्याकडे तो संयुक्त आकडा विचारूच नये. भिंतीपाशी मोजलेले युनिटमागचे किलोमीटर आणि बॅटरी रिकामी असतानाचे लिटरमागचे किलोमीटर, हे दोन आकडे कंपनीच्या शिक्क्यासह लेखी मागावेत, आणि ते मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.